सूर्य मावळायच्या आत

परवा शाळेतून घरी येताना चौकात संत्र्याचा पहिला ठेला दिसला आणि मी गाडी बाजूला घेतली. आंबिया बहाराची पहिली फळं. अर्धी हिरवी, अर्धी पिवळी, साल अजून घट्ट. बाहेरच्या माणसाला असं फळ दिलं तर कच्चं म्हणून परत करेल. ठेलेवाल्याने एक सोलून हातावर ठेवलं, सालीचा फवारा डोळ्यात गेला, पाणी आलं, आणि ते पाणी मग थांबेचना. तो बिचारा घाबरला. "ताई, आंबट निंगालं काय?" म्हणाला. मी म्हटलं, नाही रे, गोड आहे, दोन किलो दे.

मोठेबाबा गेल्यानंतरचा हा पहिला बहार. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, अकोल्याला राहत. यंदा दसऱ्याच्या सुमारास गेले. पिशवी टेबलावर ठेवली तसं बाबांनी त्यातलं एक फळ उचललं, नाकाशी नेलं, आणि सुगीचा रविवार जवळ आला, एवढंच बोलले. दोघंही एकाच हिवाळ्यात जाऊन बसलो होतो, हे न बोलता कळत होतं. त्या हिवाळ्यात मी नुकती विशी ओलांडलेली, बाबांच्या डोक्यावर काळे केस, आणि दोन्ही भावांचं बोलणं बंद.

आम्ही वऱ्हाडातले जुने ख्रिस्ती. नाताळ साऱ्या जगाचा, पण सुगीचा रविवार आमच्या मंडळीचा. त्या दिवशी चर्चच्या खिडक्यांत ज्वारीची कणसं बांधलेली असतात, वेदीपुढे कापसाची बोंडं, तुरीच्या शेंगा, वांगी, कोहळे मांडलेले असतात, आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी पाळकसाहेबांच्या अख्ख्या प्रवचनात कुरकुरत असते. उपासना झाली की आवारात हर्रास. एकच अंडं पुन्हा पुन्हा बोलीवर चढतं, कारण जो घेतो तो ते घरी नेत नाही, परत मंडळीलाच देतो. लहानपणी मला वाटायचं की ते अंडं शेवटी देवच खात असेल.

त्या मांडणीत आमच्या घराचं एक टोपलं असे. शेंदूरजनाघाटला माझ्या आजोबांची, आबांची, थोडी संत्र्याची झाडं होती. पहिला तोडा देवाचा. दोन्ही बाजूंना दोरीचे कान असलेलं ते बांबूचं टोपलं आबा भरत, आणि त्याचा एकेक कान धरून त्यांचे दोन मुलगे ते बाकांमधल्या वाटेने पुढे नेत. मोठेबाबा खास त्यासाठी अकोल्याहून येत. टोपलं कितीही हलकं असो, एकट्याने उचलायचं नाही, हा आबांचा नियम. मोठेबाबा ताडमाड उंच, बाबा ठेंगणे, त्यामुळे ते हमखास बाबांच्या बाजूला कलायचं आणि दोन-चार संत्री खाली घरंगळायची. आम्ही पोरं त्याच क्षणाची वाट पाहत बाकांच्या कडेला बसत असू.

त्या वर्षी ते टोपलं माळ्यावर पालथं पडलं होतं.

झालं असं होतं की त्या उन्हाळ्यात आबा गेले. शेवटची काही वर्षं ते अकोल्यालाच होते. अंथरुणाला खिळल्यावर त्यांना भरवण्यापासून धुण्यापुसण्यापर्यंत सगळं मोठेबाबांनी आणि मोठ्या आईने केलं, तेही तोंडातून चकार शब्द न काढता. आबा गेले त्या दिवशी मतदान होतं. बाबा शाळेत मास्तर, म्हणजे निवडणुकीची ड्युटी आलीच, आणि त्यांच्या वाट्याला आलं होतं मेळघाटातलं, सेमाडोहच्याही पुढे आत असलेलं गाव. मोबाइल खिशात होता, पण डोंगरात त्याचा उपयोग नव्हता. आईने तहसिलात फोन केले, पोलिसांत केले. जो तो निरोप पोचवतो म्हणाला. शेवटी आई आणि मी बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी धरून अकोल्याला गेलो.

अकोल्याचा एप्रिल ज्याने पाहिला त्याला वेगळं काही सांगायला नको. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या, त्यांचं पाणी होऊन अंगणात ओघळत होतं. आमच्यात माती सूर्य मावळायच्या आत देतात. पेटी दफनभूमीत नेऊन ठेवली, पाळकसाहेब पवित्र शास्त्र हातात धरून उभे राहिले, आणि मोठेबाबा मात्र फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून. कुणी जवळ गेलं की नुसता हात वर करत, थांबा. ऊन फाटकावरून सरकलं, भिंतीवर गेलं, मग कडुनिंबाच्या शेंड्यावर. तेव्हा त्यांनी एकदा माझ्या आईकडे पाहिलं आणि म्हणाले, चला.

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. निरोप त्यांना परतीच्या वाटेवर सेमाडोहला मिळाला, आणि मतदानयंत्र जमा केल्याशिवाय सुटका नव्हती. ड्युटीचं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकत होतं. थेट दफनभूमीत गेले. मातीच्या ढिगावरचे हार एका रात्रीत सुकले होते. मोठेबाबा दोन पावलं मागे उभे. आणि ज्यांनी थोरल्या भावापुढे कधी आवाज चढवला नव्हता ते माझे बाबा वळून म्हणाले, "एवढी काय घाई झाली होती भाऊ तुले? बापाची अडचण होऊन राहिली होती काय?"

मोठेबाबांनी छत्री उघडली आणि घराकडे चालू लागले. त्या दिवसापासून अबोला. परतीच्या गाडीत मी बाबांना फाटकाचं, त्या वर केलेल्या हाताचं सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

आमच्या घराण्यात राग नाकावर असतो. माझा तर भांड्यांवर निघतो आणि भाजी शिजायच्या आत संपतो. पण आबांच्या मुलांचा राग तसा नव्हता. तो शांत, नीट इस्त्री केलेला, शास्त्राचा आधार असलेला राग होता, आणि म्हणूनच त्याला हात लावता येत नव्हता. बाबा म्हणायचे, मी क्षमा करायला एका पायावर तयार आहे, पण लिहिलंय काय? भावाने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. भाऊ आला, दोन शब्द बोलला, की संपलं. मोठेबाबांचं म्हणणं मोठी आई फोनवरून आईला कळवायची. ते म्हणत की भावाने आपला अपराध केलाय असं ज्याला वाटतं त्यानेच उठून जावं आणि एकांतात बोलावं, असंही लिहिलं आहे. मग शमूने यावं. शमू म्हणजे बाबा, शमुवेल. दोघांच्या हातात एकच पुस्तक, दोघांच्या तोंडी एकेक वचन, आणि मधे अख्खं मूर्तिजापूर.

या दोन जावांचं मात्र काहीही बंद पडलं नव्हतं. लोणच्यात मोहरी किती घातली इथपासून नवऱ्यांच्या रक्तदाबापर्यंत सगळ्या बातम्या इकडून तिकडे जात. फोन ठेवताना आई दरवेळी म्हणायची, "जाऊ द्या बाई, बुढे व्हायले आले, पन अक्कल नाही आली."

मला त्या अबोल्याहून जास्त त्रास एका वेगळ्याच गोष्टीचा व्हायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे प्याले तबकातून बाकाबाकावर फिरतात. मनात भावाविषयी वैर असेल तर ते घेऊ नये, अशी शिकवण. तबक बाबांपाशी आलं की ते दोन्ही हातांनी धरत, आणि काही न घेता माझ्याकडे सरकवत. मे महिन्यात सरकवलं, जूनमध्ये सरकवलं, मग पावसाळाभर. मंडळीत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, पण कुणी मान वळवून पाहत नसे. मला तो प्याला घशाखाली उतरवताना जड जायचं. आपले वडील देवाच्या पंगतीतून दर महिन्याला स्वतःहून उठून जातात, आणि आपण शेजारी बसून जेवतो, असं वाटायचं. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस यांच्यापैकी एकाला माती देताना दुसरा फाटकाबाहेर उभा असेल, ही भीती मला त्या वयातही स्पष्ट दिसत होती.

दिवाळीनंतर थंडी पडू लागली आणि पाळकसाहेबांनी सुगीच्या रविवारच्या पाठांतर स्पर्धेचा विषय जाहीर केला. राग, पश्चात्ताप आणि क्षमा. विषय कुणासाठी निवडलाय हे कोंबडीलासुद्धा कळलं असतं. शब्बाथशाळेचा वर्ग माझ्याकडे होता, म्हणजे वचनं पोरांकडून घोकून घ्यायचं काम माझं. संध्याकाळी आमच्याच ओसरीवर सतरंजी टाकून वर्ग भरायचा. आतल्या खोलीत बाबा पेपर तपासत बसायचे, आणि बाहेर कुणी एक शब्द चुकला तरी आतून दुरुस्ती यायची. मास्तर माणूस. राग असला तरी चूक ऐकवत नसे.

पोरांना वचनं पाठ करायला दिली की ती पाठ करतात, हा माझा गैरसमज होता. ती वाचतात. पौलाच्या पत्रातली ओळ दिली, रागावा पण पाप करू नका, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. एका पोरीने तिथेच बोट ठेवून पुढे वाचलं. चार ओळी खाली तोच पौल म्हणत होता की सगळा राग, सगळा संताप टाकून द्या. "मग रागवायचं की नाही, रूथबाई?" मी म्हटलं, पुढचं वचन घ्या. पुढचं होतं बाबांच्याच नावाच्या पुस्तकातलं, शौल राजाचं. देव म्हणतो, याला राजा केल्याचा मला पस्तावा होतो. आणि त्याच अध्यायात शमुवेल संदेष्टा ठणकावून सांगतो की देव काही माणूस नाही पस्तावायला. पोरं माझ्याकडे पाहत राहिली. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, संदर्भ पाहा. ते प्रत्येक अडचणीत संदर्भ पाहायला सांगत आणि स्वतः चष्मा पुसत.

मीही मग रात्री चवताळून शोधायला लागले. एसावाने डोळ्यांत पाणी आणून मागितलं तरी त्याला पश्चात्तापाला जागा मिळाली नाही. आणि वधस्तंभावर टांगलेल्या चोराला शेवटच्या घटकेला एका वाक्यात मिळाली. एकीकडे साताच्या सत्तर पट क्षमा, मोजायचंच नाही. दुसरीकडे बाबांची आवडती ती अट. सगळ्यात मला छळलं ते एका वचनाने. देव म्हणतो, मी तुमची पापं यापुढे आठवणार नाही. ज्याला सगळं ठाऊक असतं तो विसरेल कसा? मी विसरू शकते, गॅसवरचं दूध मी रोज विसरते. पण ज्याच्या डोक्यातून केसाएवढंही काही सुटत नाही, त्याने आठवणार नाही म्हणायचं म्हणजे काय? याचं उत्तर पाळकसाहेबांपाशी नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं, आणि त्यासाठी मला ते पहिल्यांदा आवडले.

आईने माझी ही लढाई स्वयंपाकघरातून ऐकली होती. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तू आयनी भाजी करत असली की मी सांगतो, मीठ टाक अजून. तुही मोठी आई करत असली की सांगतो, बाई, हात आवरा. बोलनारी मी एकच ना? ज्याले जे कमी, त्याले ते सांगा लागते." आयनी म्हणजे अळणी. माझ्या भाजीवरचा शेरा तिने त्यात बसवला होताच. पण त्या रात्री मी वचनं कुणाला सांगितली आहेत हे पाहत पुन्हा वाचली, आणि दोन वचनं शेजारी शेजारी घेतली.

एक असं, की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. दुसरं मोठेबाबांचं, की भावाने तुझा अपराध केला तर जा, त्याला एकट्याला गाठून सांग. त्याने ऐकलं तर भाऊ तुला मिळाला. वर्गाला दोन्ही पाठ करायला दिली, आणि अख्खा वर्ग घसरला. दोन्हींत भाऊ, दोन्हींत जा. पोरं पहिल्याने सुरू करत, वेदी, दान, भावाच्या मनात तुझ्याविषयी काही, जा, आणि तिथून सरळ दुसऱ्यावर जाऊन पोचत, भाऊ तुला मिळाला. एकाला सुधारलं की दुसरा तसाच म्हणे. आतून बाबांचा आवाज आला, "चूक. पहिल्यापासून." पुन्हा तेच. "चूक." तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून, एका सुरात, तेच चुकीचं वचन अगदी ठसक्यात म्हटलं. मी आतून आवाज यायची वाट पाहिली. आवाज आला नाही. पोरांनीही दाराकडे पाहिलं. सालीचा वास आला; बाबा पेपर बाजूला ठेवून संत्रं सोलत होते.

तेव्हा मला जे दिसलं ते त्यांनाही दिसलं असावं. एक वचन ज्याने दुखवलं त्याच्यासाठी आहे, दुसरं ज्याला दुखवलं त्याच्यासाठी, आणि सांगणं दोघांनाही एकच आहे, ऊठ आणि जा. घरी बसून राहायची मुभा कुणालाच दिलेली नाही. आणि बाबा फक्त दुखावलेले नव्हते. त्या मातीच्या ढिगापाशी ते काय बोलले होते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

सुगीच्या रविवारचा आदला दिवस, शनिवार. बाबा सकाळीच पांढरा सदरा घालून तयार. आबांच्या झाडांची संत्री आदल्या दिवशी आली होती, टोपलं भरलं नव्हतं. त्यातली निवडून त्यांनी पिशवी भरली आणि अकोल्याले जाऊन येतो, म्हणाले. आईने त्यांच्या गळ्यात मफलर घातला, ते एसटी स्टँडकडे वळेपर्यंत दारात उभी राहिली, आणि मग काही कारण नसताना तिने सगळं घर पुसून काढलं.

फरशी वाळली नव्हती तोच फाटकाशी ऑटो थांबला. आधी छत्री उतरली, मग मोठेबाबा. ना ऊन ना पाऊस, पण छत्रीशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नाही. रेल्वेने बडनेऱ्याला उतरून आले होते. पायरीशी थांबले. "सलाम, बाई. शमू हाये काय घरी?" आईने डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हटलं, मोठेबाबा, ते तुमच्याकडेच गेलेत.

ते पायरीवरच बसले. हातातल्या छत्रीकडे पाहून म्हणाले, "माह्याकडे? मले न सांगता?" स्वतः न सांगता आले होते हे त्यांच्या गावीच नव्हतं. लहानपणापासून याले एका जागी थांबनं माहीत नाही, असं पुटपुटत त्यांना खरोखरच राग चढू लागला, आणि मला हसू आवरेना. मग तेही हसले. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मोठी आई, तिच्या दारात बाबा. बायकांनी दोन वाक्यांत सगळं उरकलं आणि फोन पुरुषांच्या हातात दिले. इतक्या महिन्यांनी मोठेबाबा धाकट्या भावाशी पहिलं वाक्य बोलले ते असं, की तू तिथंच थांब, मी येतो. तिकडूनही तेच आलं असणार, कारण त्यानंतर दोघांचं जुंपलं. कुणी थांबायचं आणि कुणी यायचं यावरून दोघं भांडत होते, आणि आई पदराने डोळे पुसत उभी होती. शेवटी तिनेच फोन हिसकावला आणि दोन्ही गावांच्या मधलं मूर्तिजापूर ठरवलं.

मोठेबाबांचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांच्यासोबत मी गेले. बसमध्ये खिडकीतून कापसाची शेतं मागे जात होती, वेचणी चालली होती, बायांच्या कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या. मी विचारलं नव्हतं, पण त्यांनीच सांगितलं. बाबा प्याला पुढे सरकवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मोठी आई परवा बोलता बोलता बोलून गेली. "मी त दर महिन्याले घेतला, बाई. रागासकट घेतला. तुह्या बापाचा राग माह्यापेक्षा इमानदार निंगाला."

स्टँडवर बाबा आमच्या आधी पोचले होते. पायांत पिशवी धरून बाकावर बसले होते. पिशवीत आता संत्री नव्हती. आमच्याकडे कुणाची पिशवी रिकामी परत करत नाहीत. मोठ्या आईने ती तुरीच्या ओल्या शेंगांनी भरून दिली होती. मोठेबाबांना पाहून बाबा उभे राहिले. आमच्या घरात कुणी कुणाला मिठी मारत नाही. मोठेबाबा बाकावर बसले, मग बाबा बसले, मधे शेंगांची पिशवी. मी चहा आणायला म्हणून उठले आणि टपरीशी उभी राहिले. ऐकू येईल इतकीच लांब.

"सूर्य मावळून राहिला होता रे, शमू," मोठेबाबा म्हणाले. "मी फाटकापाशी उभा होतो."

"माहीत हाये. रूथनं सांगतलं होतं मले. मी आयकलं नाही." बाबांनी पिशवीतली एक शेंग काढली, सोलली, दाणे हातातच ठेवले. "भाऊ, त्या दिवशी मी जे बोललो, ते बोलाले नाही पाह्यजे होतं."

मोठेबाबांनी बाबांच्या तळहातावरचे दोन दाणे उचलून तोंडात टाकले. "कोनतं?" म्हणाले.

ते विसरलेले नव्हते. मी त्यांचा चेहरा पाहत होते. ते वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं, मरेपर्यंत राहणार होतं. सगळं आठवत असून त्यांनी विचारलं होतं, कोणतं. देव विसरतो कसा हा माझा प्रश्न मूर्तिजापूरच्या स्टँडवर, हातात तीन चहा धरून उभी असताना सुटला. चहा निवला तरी मी तो नेऊन दिला नाही.

दुसऱ्या दिवशी टोपलं माळ्यावरून खाली आलं. चांगली चांगली संत्री पिशवीतून अकोल्याला जाऊन मोठ्या आईकडेच राहिली होती, म्हणून त्या वर्षी आमच्या टोपल्यात तळाला उरलीसुरली संत्री आणि वर तुरीच्या शेंगा होत्या. ते बाबांच्या बाजूला कललं, शेंगा वाटभर सांडल्या, आणि अख्ख्या मंडळीला हसू फुटलं. पोरांनी स्पर्धेत दोन्ही वचनं अगदी बरोबर म्हटली. मला थोडं वाईट वाटलं. पुढच्या पहिल्या रविवारी तबक आलं, बाबांनी प्याला घेतला, आणि मी दुसरीकडे पाहिलं, कारण मंडळीतले सगळेच दुसरीकडे पाहत होते.

आज संत्र्यांचा वास आला की मला ते सगळं या क्रमाने आठवतं. पुढे कित्येक वर्षं ते टोपलं तसंच कलत राहिलं. आबांची झाडं म्हातारी झाली, काही वाळली. ओसरीवर आता माझी गाडी उभी असते. त्या पोरांपैकी एकजण नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यात आहे, भेटला की तेच घसरलेलं वचन म्हणून दाखवतो. पण शेवटचा धडा त्या हिवाळ्यात मिळाला नव्हता. तो यंदाच्या ऑक्टोबरात मिळाला.

मोठेबाबांचा मुलगा आशिष बंगळूरला असतो. वडील गेल्याचं कळलं तसा तो निघाला, पण विमान सुटायलाच फार उशीर झाला. अकोल्यात ऊन एप्रिलसारखंच तापलेलं होतं. तेच फाटक, तोच कडुनिंब, आता केवढा तरी मोठा झालेला. आणि फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभे होते माझे बाबा. कुणी जवळ गेलं की हात वर करत. मी त्यांच्या मागेच उभी होते. ऊन भिंतीवरून शेंड्यावर गेलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत मला त्या वर्षीचे मोठेबाबा दिसले. मग ते म्हणाले, चला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशिष नागपूरहून रेल्वेने यायचा होता. कुणी काही म्हणायच्या आत बाबा उठून स्टेशनवर निघाले. मी काठीसारखी सोबत. वाट पाहत घरी बसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. गाडी थांबली, आशिष उतरला, दाढी वाढलेली, डोळे लाल. बाबा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "मी थांबलो नाही, बेटा. थांबता नाही आलं. राग येईन तुले, येऊ दे. पन संध्याकाळच्या आत मले सांग."

आशिष दफनभूमीत गेला, घरी आला, आईजवळ बसला, जेवला नाही. दिवसभर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसून होते. उन्हं कलल्यावर तो बाहेर आला आणि बाबांसमोर उभा राहून एकदम बोलू लागला. एवढी काय घाई झाली होती, काका, म्हणाला. अगदी तेच शब्द. एक रात्र थांबता आलं नसतं का, म्हणाला. मला तोंड पाहायचं होतं, म्हणाला. आवाज चढला, फाटला, मग रडणं आलं. मोठी आई दारातून पुढे येऊ लागली तर बाबांनी हात वर केला. मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही मधे बोलले नाहीत, एकदाही फाटकाचं सांगितलं नाही.

तो थांबला. बाबांनी मान वर करून मावळतीकडे पाहिलं, मग शेजारची खुर्ची त्याच्याकडे ओढली.

"उजेड हाये अजून," म्हणाले. "आनखी काही असन त बोल."